कावसजीचे नाक

राजे, सेनापती, संत व ग्रंथकार यांची चरित्रे आमच्या वाचकांनी पुष्कळ वाचली असतील. आज आम्ही ज्याचे चरित्र सांगावयास बसलो आहो तो यांपैकी कोणीच नव्हता. तो सैन्याबरोबर बैल हाकणारा मनुष्य होता. त्याने कोणती लढाई जिंकली नाही, ग्रंथ लिहिला नाही, की घाट अथवा देऊळ बांधले नाही. तथापि शस्त्रवैद्यकाचा इतिहास सांगणारे ग्रंथ उघडले, मग ते कोणत्याही भाषेतील असोत, तर त्यांत कावसजी हे नाव बहुधा आढळतेच. तुटलेला किंवा जन्मतः विरूप असलेला चेहरा नीट करण्याची जी विद्या आज लहान मुलांच्या इतकी उपयोगी पडत आहे, तिच्या अर्वाचीन इतिहासाचा आरंभ या मनुष्याच्या चेहऱ्यापासून करण्याची वहिवाट पडून गेली आहे.

नाव ऐकताच तो पारशी असावा असे वाटते, व पुष्कळ लेखकांनी तसे लिहिलेही आहे. परंतु १७९४ साली त्याची जी हकीकत लंडन शहरी छापली गेली तीत तो शेतकरी जातीचा मराठा असल्याचे म्हटले आहे. ती त्याच्या हयातीत लिहिलेली असल्यामुळे आम्ही तीच प्रमाण धरून चालतो.

टिपू सुलतान व इंग्रज यांच्यामधील तिसरे युद्ध १७९० साली जुंपले. त्या खेपेस पेशवे व निजाम हे दोघेही इंग्रजांच्या बाजूस होते, व पेशव्यांकडून हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन हे सरदार फौजा घेऊन कर्नाटकात उतरले होते. बखरीतून व शाळेच्या पुस्तकातून लढाईचे वर्णन येते तेव्हा घोडे व तोफा दिसतात. बैल दिसत नाहीत. परंतु त्या तोफा बैलांनीच ओढावयाच्या, दाणागोटा त्यांच्याच पाठीवरून जावयाचा, आणि बैल थकले की शूर सेनापतीलाही मुकाट्याने परत फिरावे लागावयाचे. मे १७९१ मध्ये लॉर्ड कॉर्नवॉलिस अगदी श्रीरंगपट्टणाजवळ जाऊन पोहोचला होता. पण बैल पटापट मरू लागले, धान्य संपले, आणि आपल्या मोठ्या तोफा आपल्याच हाताने फोडून टाकून त्यास माघार घ्यावी लागली. वाटेत मराठ्यांची फौज व तिच्याबरोबरचा भरला बाजार भेटला म्हणून त्याच्या शिपायांच्या पोटात अन्न गेले. बैल हाकणारा माणूस सैन्यात किती मोलाचा असतो हे यावरून ध्यानात यावे. कावसजी इंग्रजांच्या सैन्यात हेच काम करीत होता.

या युद्धात तो टिपूच्या लोकांच्या हाती सापडला. त्यांनी त्यास ठार मारले नाही. त्याचे नाक कापले, एक हात तोडला, व त्यास सोडून दिले.

ही शिक्षा टिपूच्याच राज्यात होती असे कोणी समजू नये. नाक कापण्याची चाल अनेक देशांत व अनेक राजांच्या अमलात होती, आणि आपल्याकडे तर ती इतकी जुनी की, नाशिक क्षेत्राच्या नावाचा संबंध लोक पंचवटीत कापल्या गेलेल्या शूर्पणखेच्या नाकाशी जोडतात. आपली भाषाच पाहा. कुळास बट्टा लागला म्हणजे नाक कापले गेले असे आपण म्हणतो. शरण जाणारा नाक मुठीत धरून जातो. नाक वर करून चालावयास मनुष्याजवळ अब्रू लागते. आणि नकटीच्या लग्नास सतराशे विघ्ने येतात ती का, हे कोणी विचारीतही नाही. गालावरचा वण मनुष्य शौर्याची खूण म्हणून मिरवील, पण कापलेले नाक मिरविता येत नाही. पाहणारा त्यास चोर, व्यभिचारी किंवा फितूर यांपैकी काहीतरी समजणारच. शिक्षा देणाऱ्याचा हेतूही तोच असे. न्यायाचा निकाल गुन्हेगाराच्या तोंडावरच लिहून ठेवावयाचा, म्हणजे तो जाईल तेथे आपण होऊन वाचला जाईल. हात गेल्याने कावसजीचा धंदा गेला. नाक गेल्याने त्याचे चार माणसांत उठणेबसणे गेले. यांपैकी अधिक दुःखाचे कोणते हे ठरविणे कठीण आहे.

फेब्रुवारी १७९२ मध्ये श्रीरंगपट्टणावर हल्ला झाला व मार्चमध्ये तह झाला. टिपूने अर्धे राज्य दिले, तीन कोटी तीस लाख रुपये कबूल केले, आणि आपले दोन मुलगे ओलीस ठेवले. मोठ्यांचे हिशेब असे रुपये-आण्यांत पुरे झाले. कावसजी श्रीरंगपट्टणाजवळ मुंबईच्या पलटणीस येऊन मिळाला, व पुढे कंपनी सरकारने त्यास निवृत्तिवेतन बांधून दिले. सरकार जे देऊ शकत होते ते त्याने दिले. बारा महिन्यांहून अधिक काळ तो तसाच, नाकाविना राहिला.

येथून पुढची हकीकत पुण्याकडची आहे. सवाई माधवराव गादीवर होते व कारभार नाना फडणविसांच्या हाती होता. मुळा-मुठेच्या संगमावर इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट याचे ठाणे होते. या शहराच्या जवळपास विटा पाडणाऱ्या कुंभार जातीचा एक मनुष्य राहत असे, व गेलेले नाक पुन्हा करून देण्याची विद्या त्यास अवगत होती. १७९३ च्या मार्चच्या सुमारास कावसजी त्याच्यापुढे जाऊन बसला. मुंबई इलाख्यातील दोघा इंग्रज डॉक्टरांनी, थॉमस क्रूसो व जेम्स फिंडले यांनी, ही शस्त्रक्रिया पाहिली होती, व तिची रीत त्यांच्याच आधाराने लिहून ठेवण्यात आली. ती आम्ही थोडी विस्ताराने देतो.

प्रथम मेणाचा एक पातळ पत्रा करून तो उरलेल्या नाकाच्या थोटकावर बसवावयाचा व त्यास चांगल्या नाकाचा घाट द्यावयाचा. मग तोच पत्रा काढून सपाट करून कपाळावर ठेवावयाचा आणि त्याच्या कडेने रेघ ओढावयाची. अशाने नाकास नेमके किती कातडे लागेल ते कपाळावर आखले जाते. त्या रेघेवरून कातडे कापून सोडवावयाचे, परंतु सबंध नव्हे. दोन भुवयांच्या मध्ये एक अरुंद पट्टी तशीच जोडलेली ठेवावयाची. सगळे मर्म या पट्टीत आहे. आमच्या वाचकांपैकी ज्यांच्या घरी आमराई असेल त्यांनी भेटकलम बांधलेले पाहिले असेल. झाडाची फांदी झाडापासून न तोडता तशीच वाकवून कुंडीतल्या रोपास बांधतात. फांदीस रस आपल्या आईकडून मिळत राहतो, आणि रोपाशी तिचा सांधा पुरता जमला म्हणजे मगच तिला आईपासून कापतात. कपाळावरचे कातडे असेच त्या पट्टीतून येणाऱ्या रक्तावर जगत राहते. तेवढ्यात नव्या जागेतून त्यात बारीक रक्तवाहिन्या शिरतात, व ते तेथलेच होऊन जाते.

मग नाकाच्या थोटकावरचा जुना वण तासून तेथले मांस ताजे करावयाचे, आणि त्याच्या मागे दोन्ही नाकपुड्यांच्या बाजूने वरच्या ओठापर्यंत एक चीर द्यावयाची. कपाळाचे कातडे अर्धा पीळ देऊन खाली आणावयाचे, म्हणजे त्याची बाहेरची बाजू बाहेरच राहते, व त्याची कड त्या चिरेत बसवावयाची. या वर्णनात सुईदोऱ्याचा उल्लेख नाही. सांधा जमावा म्हणून कात पाण्यात कालवून कापडाच्या पट्ट्यांस लावीत व अशा पाच-सहा पट्ट्या एकीवर एक चिकटवीत. कात म्हणजे आपण विड्यास लावतो तोच. आपल्याकडच्या रानातील खैराच्या लाकडातून निघणारा. त्याच्या तुरट गुणाने जखम आवळली जाते. चार दिवस त्यास हात लावावयाचा नाही. मग त्या पट्ट्या काढून तुपात भिजविलेली फडकी ठेवावयाची. पाच-सहा दिवस रोग्याने उताणे पडून राहावयाचे. दहाव्या दिवशी नाकपुड्या मिटू नयेत म्हणून त्यांत मऊ कापडाचे बोळे घालावयाचे, आणि पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास भुवयांमधील ती पट्टी कापून नाकाचा घाट आणखी थोडा नीट करावयाचा. ही क्रिया बहुतेक साधते, नवे नाक पक्के बसते, व कपाळावरचा वण काही काळाने फारसा दिसत नाही, असे पाहणाऱ्यांनी नमूद केले आहे.

हे सर्व भूल न देता झाले, हे वाचकांनी विसरू नये. शुद्ध हरपविणारे ईथर शस्त्रक्रियेत जाहीरपणे वापरून दाखविले गेले ते १८४६ साली, अमेरिकेतील बोस्टन शहरी.

ही विद्या त्या कुंभाराने शोधून काढली नव्हती. सुश्रुतसंहितेत नाक करण्याची रीत सांगितली आहे. तीत मापासाठी झाडाचे पान घेतले आहे, कातडे गालाचे आहे, आणि श्वासासाठी नाकपुड्यांत दोन नळ्या घालावयास सांगितल्या आहेत. कपाळाचे कातडे घेण्याची रीत पुढे केव्हातरी आली, व ती अधिक सोयीची ठरली. कपाळाच्या कातड्याचा रंग व जाडी नाकाशी जुळते, आणि गालावर वण राहत नाही. वैद्यांच्या ग्रंथातून ही विद्या काही घराण्यांच्या हाती आली व बापाकडून मुलाकडे चालत राहिली. संस्कृत जाणणारे शास्त्रीपंडित प्रेतास व रक्तास शिवेनासे झाले, तेव्हा हात चालविणाऱ्या जातींनी ती जिवंत ठेवली असे आम्हांस वाटते. एका गोष्टीचे मात्र वाईट वाटते. लंडनात छापलेल्या त्या हकीकतीत रोग्याचे नाव आहे, पाहणाऱ्या दोघा डॉक्टरांची नावे आहेत, आणि ज्याने नाक केले त्याची केवळ जात दिली आहे.

जेम्स वेल्स नावाचा एक स्कॉटिश चित्रकार त्या दिवसांत पुण्यास येऊन दरबारी मंडळींची चित्रे काढीत असे. सवाई माधवराव व नाना फडणवीस यांची जी चित्रे आज आपण पुस्तकांतून पाहतो त्यांपैकी काही त्याच्याच हातची आहेत. शस्त्रक्रिया होऊन दहा महिने झाल्यावर, १७९४ च्या जानेवारीत, कावसजी याच वेल्सपुढे बसला. पेशव्यांचे चित्र ज्या कुंचल्याने काढले त्याच कुंचल्याने एका थोट्या बैलवाल्याचे चित्र निघाले. वर्षभर ज्याने आपले तोंड लोकांपासून लपविले असेल, त्याने ते परक्या माणसापुढे तासचे तास उघडे धरावयाचे, ही गोष्ट आम्हांस लहान वाटत नाही. चित्रात त्याच्या कपाळावरचा वण झाकलेला नाही. त्यावरून कोरलेला ठसा, नाकाच्या आखणीच्या छोट्या आकृत्यांसह, त्याच वर्षी ऑक्टोबर महिन्यात लंडनच्या जंटलमन्स मॅगझीन या मासिकात एका पत्राबरोबर प्रसिद्ध झाला. पत्राखाली बी. एल. एवढी दोनच अक्षरे होती.

युरोपात नाक करण्याची कला कधीच नव्हती असे नाही. पंधराव्या शतकात सिसिली बेटातील ब्रांका घराण्यात ती होती, आणि बोलोन्या येथील ताल्याकोत्सी याने १५९७ साली तिजवर मोठा ग्रंथ लिहिला होता. परंतु त्याची रीत दंडाचे कातडे घेण्याची असल्यामुळे रोग्यास हात डोक्याशी बांधून अनेक दिवस बसून राहावे लागे, व ती पुढे मागे पडली ती पडलीच. कावसजीच्या चित्राने विलायतेतील डॉक्टर जागे झाले. त्यांतील जोसेफ कार्प्यू नावाच्या शस्त्रवैद्याने घाई केली नाही. अनेक वर्षे त्याने हा प्रयोग प्रेतांवर करून पाहिला. मग २३ ऑक्टोबर १८१४ रोजी त्याने एका सैनिकी अधिकाऱ्याचे नाक पुण्याच्या रीतीने केले. पाऱ्याच्या औषधाने या गृहस्थाचे नाक झडले होते. दुसरा रोगी आल्बुएराच्या लढाईत जखमी झालेला अधिकारी होता. दोन्ही नाके साधली, व १८१६ साली कार्प्यूने त्यांचा वृत्तांत ग्रंथरूपाने छापला. दोन वर्षांनी बर्लिनच्या ग्रेफे याचा जर्मन ग्रंथ निघाला. मग हे लोण युरोपभर गेले, आणि कपाळावरून नाक घेण्याच्या रीतीस हिंदी पद्धत हे नाव पडले. ते आजही चालू आहे.

पुढची शंभर वर्षे आम्ही भराभर ओलांडतो. पहिल्या महायुद्धात तोफांच्या माऱ्याने ज्यांचे चेहरे छिन्नभिन्न झाले अशा हजारो शिपायांवर इंग्लंडात हॅरॉल्ड गिलीज याने उपचार केले. कातड्याची पट्टी जोडलेली ठेवण्याच्या जुन्या युक्तीसच त्याने नवे रूप दिले. ती पट्टी गुंडाळून नळीसारखी शिवली म्हणजे ती सडत नाही, हे त्याने १९१७ साली दाखविले. याच गिलीजने १९४२ मध्ये कवटी व चेहरा यांची हाडे जन्मतः खुंटलेल्या एका रोग्याचा सबंध वरचा जबडा कापून पुढे आणला, पण परिणाम मनासारखा टिकला नाही. ती वाट पुढे पॅरिसच्या पॉल टेसिए याने चालविली. कार्प्यूप्रमाणे त्यानेही आधी प्रेतांवर हात बसविला. मेंदूच्या शस्त्रवैद्यास बरोबर घेऊन, कवटीच्या आतून डोळ्यांच्या खोबणी मोकळ्या करून सरकविण्याची शस्त्रक्रिया त्याने सिद्ध केली व १९६७ साली रोम येथील परिषदेत जगापुढे मांडली.

ही क्रिया कोणासाठी, हे नीट समजून घेतले पाहिजे. तान्ह्या मुलाच्या डोक्यावरची टाळू आया तेल घालून भरतात. तेथे हाडांच्या कडा जुळलेल्या नसतात. कवटीच्या हाडांमध्ये अशा शिवणी असतात, व मेंदू वाढतो तशी त्या शिवणींवर कवटी वाढत जाते. काही मुलांत एखादी शिवण वेळेपूर्वीच बुजते. मग डोके एकीकडे दबते, दुसरीकडे निमुळते होते. कित्येकदा डोळे खोबणीतून बाहेर येऊ लागतात, दृष्टी धोक्यात येते, व मेंदूवर दाब पडतो. अशा मुलावर पहिल्या वर्षाच्या आत उपचार झाले तर फार चांगले.

पुण्यापासून आरंभ करून लंडन व पॅरिस फिरून आलेली ही हकीकत भंडाऱ्याच्या मुलांस सांगण्याचे आम्हांस कारण आहे. चेहऱ्याचे जन्मजात व्यंग दूरच्या देशातच असते असे नाही. सुमारे सातशे जन्मांमागे एक मूल ओठ किंवा तोंडातली टाळू दुभंगलेले असे जन्मास येते. म्हणजे आपल्या जिल्ह्यातही प्रतिवर्षी अशी मुले जन्मणारच. आईने ग्रहणात विळीने भाजी चिरली म्हणून मुलाचा ओठ चिरला गेला, अशी समजूत खेड्यांतून अद्याप ऐकू येते. ही समजूत मुलाचे काही बरे करीत नाहीच, वर आईच्या माथी दोष मारते. गर्भाच्या दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात चेहऱ्याचे भाग दोन्ही बाजूंनी येऊन मध्ये जुळतात. ते जुळता जुळता राहिले म्हणजे फट राहते. त्यात चंद्रसूर्यांचा किंवा विळीचा काही संबंध नाही. मूल दूध ओढू शकत नाही, पुढे त्याचे बोलणे नाकातून येते, आणि शाळेत मुले चिडवितात म्हणून आईबाप त्यास घरीच ठेवतात. शेवटची गोष्ट आमच्या वाचकांच्या अगदी हातातली आहे, एवढे येथे म्हणून ठेवतो.

अशा दुभंगांची प्रतवारी करण्याची एक पद्धत आपल्या शेजारच्या शहराच्या नावाने वैद्यकग्रंथांत प्रसिद्ध आहे. नागपुरास काम केलेले शस्त्रवैद्य डॉ. सी. बालकृष्णन यांनी ती घातली म्हणून तिला नागपूर वर्गीकरण म्हणतात: पहिल्या गटात ओठाचा दुभंग, दुसऱ्यात टाळूचा, व तिसऱ्यात ओठापासून टाळूपर्यंत दोन्हींचा. ओठ साधारणपणे मूल तीन महिन्यांचे झाले म्हणजे शिवतात, व टाळू त्याचे बोलणे नीट सुरू होण्यापूर्वी, वर्ष-दीड वर्षाच्या आत. २०१३ सालापासून सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाड्यांतून व शाळांतून मुलांची तपासणी होते. दुभंगलेले ओठ व टाळू हे तीत पाहावयाच्या व्यंगांपैकी एक असून, असे मूल आढळल्यास त्यास पुढील उपचारासाठी पाठविले जाते. पुण्याच्या त्या विटा पाडणाऱ्यास शोधीत कावसजीस जावे लागले होते. आता तपासणारा आपण होऊन शाळेच्या दारी येतो. मूल मात्र त्या दिवशी शाळेत असले पाहिजे.

दुभंग जुळविण्याची रीत निराळी आहे. तीत कपाळाचे कातडे लागत नाही. परंतु भाजल्याने, जनावर चावल्याने किंवा रोगाने नाक गेले असेल, तर शस्त्रवैद्य आजही रोग्याच्या कपाळावरच आखणी करतो. मेणाच्या पत्र्याच्या जागी आता बहुधा दोऱ्याच्या पुडीचा चकचकीत कागद किंवा वर्ख असतो. कातास कोणी विचारीत नाही, बारीक टाके घालतात, व रोगी झोपलेला असतो. भुवयांपाशी ती अरुंद पट्टी तशीच जोडलेली ठेवतात, आणि सुमारे तीन आठवड्यांनी कापतात.